लाइट प्रोग्रॅमचा एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइट प्रोग्रॅम म्हणजे नक्की काय? एखाद्या कार्यक्रमाचं नाव का?

नाही, अख्ख्या रेडिओ स्टेशनचं नाव. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, २९ जुलै १९४५ ला बीबीसीनं सैनिकांसाठी चालवलेलं जनरल फोर्सेस प्रोग्रॅम बंद केलं आणि त्या जागी घरच्या लोकांसाठी हे सुरू केलं. बीबीसीची होम सर्व्हिस आधीपासून होतीच, तिच्यावर बातम्या, भाषणं, नाटकं, थोडी करमणूक असं सगळं मिसळून असायचं. १९४६ च्या सप्टेंबरात थर्ड प्रोग्रॅम आलं, म्हणजे शास्त्रीय संगीत आणि भारी भारी चर्चा. लाइटचं काम एकच, लोकांची करमणूक. लाँगवेव्हवर १५०० मीटरला लागायचं, ड्रॉइटविचच्या ट्रान्समीटरवरून, त्यामुळे देशात बहुतेक सगळीकडे ऐकू यायचं. सुरुवातीला सकाळी ९ पासून मध्यरात्रीपर्यंत चालायचं.

'लाइट' म्हणजे हलकंफुलकं, टाइमपास. मग एवढं लिहिण्यासारखं काय आहे त्यात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि खरं सांगायचं तर यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलोय. लाइट प्रोग्रॅम ऐकणारे लोक हातातलं काम सोडून रेडिओसमोर बसलेले नसायचे, निदान दिवसा तरी नाही. कुणी कपडे धूत असायचं, कुणी लेथवर असायचं, कुणी बाळाला निजवत असायचं. अशा माणसाला सोबत करायची तर कुठल्या वेळी काय लावायचं, किती वेळ लावायचं, आवाज किती, लय किती, याचा फार बारीक विचार करावा लागतो आणि त्या लोकांनी तो केला होता. माझी आजी घड्याळ न बघता रेडिओवरून वेळ सांगायची, आपली आवड लागलं की कुकर कधी लावायचा हे तिला माहीत, तर तसंच इंग्लंडात त्या काळात लाखो घरांमधून चाललेलं. म्हणून दिवसाच्या क्रमानेच सांगतो, साधारण १९५० ते ५५ च्या सुमाराचा एखादा कामाचा दिवस धरा.

सकाळी काय लागायचं?

९ च्या बातम्या झाल्या की ९ वाजून १० मिनिटांनी हाउसवाइव्ह्ज चॉइस. नवरा कामाला गेला, पोरं शाळेत गेली, सिंकमध्ये भांडी पडलीयत, आणि तेवढ्यात ती धून वाजते, इन पार्टी मूड नावाची, जॅक स्ट्रेचीची, एकदम उड्या मारत चालल्यासारखी. बायकांनी पोस्टकार्डावर फर्माइशी पाठवायच्या आणि निवेदकानं नावं वाचून रेकॉर्ड लावायच्या. निवेदक दर एकदोन आठवड्यांनी बदलायचे. त्यातला जॉर्ज एलरिक नावाचा स्कॉटिश माणूस फार लाडका होता, तो त्या धुनेवर स्वतःच गुणगुणायचा. हा कार्यक्रम १९४६ ते १९६७ चालला.

एक लक्षात घ्या, हे युद्धानंतरचे दिवस आहेत. युद्ध जिंकलं तरी रेशन संपलं नव्हतं, ब्रेडवर तर युद्धानंतर, १९४६ मध्ये रेशन लागलं आणि मटणाचं रेशन सुटायला १९५४ चा जुलै उजाडला. रांगेत उभं राहून आलेल्या बाईचं नाव गाव सगळ्या देशानं ऐकायचं, याची किंमत आज आपल्याला पटकन कळत नाही.

कारखान्यात रेडिओ लावायचे हे खरं का?

हो, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. म्युझिक व्हाइल यू वर्क, २३ जून १९४० ला सुरू झालं. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य नुकतंच माघारी आलेलं, कारखाने रात्रंदिवस चाललेले, माणसं थकलेली. सकाळी साडेदहाला आणि दुपारी असा रोज अर्धा अर्धा तास, मध्ये अजिबात बोलणं नाही, एका धुनेतून दुसऱ्या धुनेत बँड सरकत जायचा. सुरुवात एरिक कोट्सच्या कॉलिंग ऑल वर्कर्सनं. आवाज भोंग्यांमधून मशिनच्या खडखडाटात पोचला पाहिजे, त्यामुळे नियम केलेले होते: लय एकसारखी हवी, फार संथ गाणं नको कारण पेंग येते, जोरदार ड्रम नकोत कारण युद्धाच्या दिवसांत तो आवाज गोळीबारासारखा वाटायचा.

आणि ते डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास. या गाण्यात मध्ये मध्ये चार टाळ्या येतात, लोकांना आवडायचं पण खूप. मग बीबीसीनं ते या कार्यक्रमातून काढून टाकलं, कारण टाळ्यांची जागा आली की कामगार हातातले पाने आणि हातोड्या बेंचवर ठोकायचे. तुम्ही त्या शॉपफ्लोअरवर उभे आहात असं समजा, शंभरेक माणसं एकाच वेळी ठोकतायत, ठक ठक ठक ठक, हत्यारांची धार जातेय, फोरमन ओरडतोय. करमणुकीचा परिणाम मोजायला याहून चांगली पट्टी मला तरी माहीत नाही.

युद्ध संपल्यावरही हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालू राहिला, कारण कारखाने होतेच आणि कंटाळाही होताच. याच कुळातला वर्कर्स प्लेटाइम, १९४१ पासून, कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत गाणारे आणि विनोदी नट जाऊन टेबलांच्या मध्ये कार्यक्रम करायचे. युद्धकाळात गावाचं नाव सांगायची सोय नव्हती म्हणून 'ब्रिटनमध्ये कुठेतरी' एवढंच सांगायचे. हा आधी होम सर्व्हिसवर होता, १९५७ पासून लाइटवर आला. आपल्याकडे आकाशवाणीवर कामगारांसाठी कार्यक्रम लागायचे ते ज्यांनी ऐकलेत त्यांना यातली नाडी लगेच सापडेल.

दुपारचं काय?

पावणेदोनला लिसन विथ मदर, जानेवारी १९५० पासून. पाच वर्षांखालच्या पोरांसाठी पंधरा मिनिटं, एक गोष्ट आणि बडबडगीतं. गोष्टीआधी बाई विचारायच्या, नीट बसलात का बाळांनो, मग सांगते हं. हे वाक्य इतकं रुजलं की आज सत्तरीत असलेले इंग्रज लोकसुद्धा ऐकलं की गप्प बसतात. शेवटी पियानोवर फोरेचं अंगाईगीत. पोर पेंगुळलं की २ वाजता लगेच वुमन्स अवर. क्रम बघा हा, आधी पोराला झोपवलं आणि मग आईला तिचा तास दिला. वुमन्स अवर ७ ऑक्टोबर १९४६ ला सुरू झाला, पहिला निवेदक चक्क पुरुष होता, अॅलन आयव्हिमी, पण पुढे बायकांनी तो आपल्या हातात घेतला आणि तो आजही चालू आहे. स्वैपाक-शिवणाच्या जोडीनं ज्या गोष्टी घरात कुजबुजत बोलल्या जायच्या, उदाहरणार्थ पाळी जाण्याचं वय, त्याही तिथे बोलल्या गेल्या. आमच्या आकाशवाणीवरच्या वनिता मंडळाशी तुलना होते ती ठीकच आहे.

मिसेस डेल कोण?

डॉक्टरांची बायको. मिसेस डेल्स डायरी ५ जानेवारी १९४८ ला सुरू झाली, कामाच्या दिवसांत रोज दुपारी चारनंतर पंधरा मिनिटं, आणि तोच भाग दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला परत, म्हणजे ज्यांचा चुकला त्यांची सोय. लंडनच्या उपनगरातलं मध्यमवर्गीय घर, नवरा जिम डॉक्टर, मुलं, सासुरवाडी, शेजारपाजार. सुरुवातीला हार्प वाजायचा आणि मग बाई आपल्या डायरीतलं सांगायला लागायच्या. 'मला जिमची जरा काळजीच वाटतेय' हे त्यांचं वाक्य अख्ख्या देशाच्या तोंडी होतं. रोजच्या मालिका बघत मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना यात नवीन काहीच वाटणार नाही, पण ही ब्रिटनमधल्या पहिल्या काही रोजच्या कौटुंबिक मालिकांपैकी एक.

एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. एलिस पॉवेल या नटीनं पंधरा वर्षं मिसेस डेल केली, १९६३ मध्ये तिला काढून जुन्या सिनेमातली स्टार जेसी मॅथ्यूज आणली, आणि त्याच वर्षी काही महिन्यांत एलिस गेली. लोकांच्या स्वैपाकघरात रोज जाणारा आवाज होता तो.

पावणेसातचं एवढं महत्त्व काय?

१९४६ ते १९५१ या काळात संध्याकाळी पावणेसातला डिक बार्टन, स्पेशल एजंट ही थरारक मालिका. डेव्हिल्स गॅलपची धून म्हणजे घोडा उधळल्यासारखी, आणि गल्लीत खेळणारी पोरं एका मिनिटात घरात. ऐन भरात दीड कोटी लोक ऐकायचे. एवढी पोरं ऐकतायत म्हटल्यावर बीबीसीनं लेखकांना नियमावलीच करून दिली, की बार्टन दारू पिणार नाही, शपथा-शिव्या नाहीत, खोटं बोलणार नाही वगैरे.

आणि मग १९५१ मध्ये त्याला बंद करून त्याची वेळ दिली एका शेतकरी कुटुंबाला! द आर्चर्स. याची जन्मकथा भारी आहे. सरकारला शेतीचं उत्पादन वाढवायचं होतं, नवीन पद्धती शेतकऱ्यांपर्यंत पोचवायच्या होत्या आणि नुसती भाषणं लावली तर कोण ऐकतो, तर बर्मिंगहॅमच्या एका बैठकीत एक शेतकरी उठून म्हणाला की आम्हाला शेतीतला डिक बार्टन पाहिजे. बीबीसीच्या तिथल्या गॉडफ्रे बेस्लीनं ते मनावर घेतलं आणि लिहायला माणसं आणली तीच, खुद्द डिक बार्टन लिहिणारी जोडी. १ जानेवारी १९५१ पासून देशभर, आधी दुपारच्या आत लागायचं, मग ईस्टरपासून पावणेसातला. गाईच्या आजाराची माहिती आणि पुढच्या भागाची उत्सुकता एकाच गाठोड्यात. ते अजून चालू आहे.

रेडिओवरच्या बाईच्या मरणाला लोक खरंच रडले होते का?

रडले. २२ सप्टेंबर १९५५, आर्चर्समधल्या ग्रेसचं नुकतंच लग्न झालेलं, तबेल्याला आग लागते, ती घोड्याला सोडवायला आत जाते आणि हॉस्पिटलच्या वाटेवर नवऱ्याच्या मिठीत मरते. तिच्या नवऱ्याचं, फिलचं, ते शेवटचं बोलणं झालं आणि भाग संपला. बीबीसीचे फोन अडकून पडले, पत्रांचा ढीग आला, लोकांनी फुलं पाठवली. आणि त्याच रात्री आयटीव्ही म्हणजे ब्रिटनचं पहिलं जाहिरातीवर चालणारं टीव्ही चॅनल सुरू होत होतं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत मात्र ग्रेस.

रात्री कॉमेडी असायची ना? आणि रेडिओवर बोलका बाहुला हे खरं?

अगदी खरं. एज्युकेटिंग आर्ची, १९५० पासून. पीटर ब्रो नावाचा शब्दभ्रमकार आणि त्याचा बाहुला आर्ची अँड्र्यूज. आपल्याकडे पाध्यांचा अर्धवटराव रेडिओवर आणला तर कसं होईल, तसं. लोक विचारतात की ओठ हलतायत की नाही हे दिसतच नाही तर मजा कसली, तर मजा त्या पोराची होती, वात्रट पोरगा आणि त्याला शिकवायला येणारे मास्तर. त्या मास्तरांमध्ये टोनी हॅनकॉक होता, नंतर हॅरी सीकोम होता, आणि शेजारची मुलगी म्हणून लहानपणीची ज्युली अँड्र्यूज गायची. ओठांचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

टेक इट फ्रॉम हिअर (१९४८ ते १९६०) बहुतेक सगळं फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन या जोडीनं लिहिलं, त्यातलं ग्लम कुटुंब म्हणजे आळशी मुलगा रॉन आणि वर्षानुवर्षं लग्नाची वाट बघणारी त्याची एथ. १९४६ पासून विल्फ्रेड पिकल्सचं हॅव अ गो, गावोगावी जाऊन हॉलमध्ये साध्या माणसांना माइकसमोर आणायचं, त्यांच्याशी गप्पा मारायच्या, मग सोपे प्रश्न. बक्षिसं होती अडीच शिलिंग, पाच शिलिंग, दहा शिलिंग आणि एक गिनी (म्हणजे एकवीस शिलिंग), सगळी मिळून ३८ शिलिंग सहा पेन्स, कुणाचं काही भलं होण्याइतकी रक्कम नाही ती, पण बक्षिसासाठी कुणी येतच नव्हतं. पिकल्स यॉर्कशरचा, युद्धात बातम्या वाचायचा तेव्हाही त्याच हेलात, आणि बऱ्याच लोकांना ते खटकलं होतं. विदर्भातला किंवा कोकणातला हेल घेऊन कुणी प्रादेशिक बातम्या वाचल्या तर आपल्याकडे काय काय बोललं जाईल ते आठवा.

विनोदावर सेन्सॉर होता का?

होता, छापील होता. १९४० च्या दशकाच्या शेवटी बीबीसीच्या व्हरायटी विभागानं लेखक-निर्मात्यांसाठी एक नियमपुस्तिका काढली, कव्हरवरून तिला ग्रीन बुक म्हणायचे. संडास, बायकी पुरुष, हनिमूनची जोडपी, हॉटेलातल्या मोलकरणी, बायकांचे आतले कपडे, सशांच्या सवयी, यावर विनोद सरसकट बंद. 'हिवाळा जवळ येतोय' या अर्थाच्या एका इंग्रजी वाक्यात उच्चार सरकवला की चड्डीचा उल्लेख ऐकू येतो, ते वाक्यसुद्धा नाव घेऊन बंद केलेलं. मला या पुस्तिकेचा राग येत नाही, सगळं घर एकत्र ऐकत बसलेलं असायचं हे त्यांच्या डोक्यात होतं, आणि लिहिणाऱ्यांनी याच कुंपणात राहून पुढे अशी गंमत केली की पुस्तिकावाल्यांना बोट ठेवता येईना.

महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. स्पाइक मिलिगन, गून शो या रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमाचा मुख्य लेखक, १६ एप्रिल १९१८ ला अहमदनगरला जन्मला, वडील ब्रिटिश फौजेत तोफखान्यात. पुण्यात जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटमध्ये शिकला, मग रंगून, आणि पोरवयात इंग्लंडला गेला. गून शो (१९५१ ते १९६०) हा मुळात होम सर्व्हिसचा, लाइटवर परत लागायचा. सीकोम, पीटर सेलर्स आणि हा, वेडेवाकडे आवाज, अशक्य गोष्टी, बॉम्बस्फोट. त्यात निवृत्त मेजर ब्लडनॉक आहे, तो आपल्याकडच्या छावणीतून उठून गेलेला वाटतो, आणि लालकाका व बॅनर्जी अशी दोन भारतीय पात्रं आहेत ज्यांचे हेल आज ऐकताना मला खुपतात, तेही सांगून ठेवतो. पण मिलिगनचं लहानपण कँटोन्मेंटमध्ये गेलं हे माहीत असलं की त्या शोमधले कर्नल-मेजर कुठून आले हे आपल्याला जास्त कळतं.

दुसरं नाव वेणू चितळे. युद्धकाळात बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये जॉर्ज ऑरवेलबरोबर काम करणाऱ्या मराठी बाई. किचन फ्रंट या रेशनच्या काळातल्या स्वैपाकाच्या कार्यक्रमातूनही त्या बोलल्या होत्या. हे लाइट सुरू होण्याआधीचं आणि लाइटवरचं नाही, पण मराठी वाचकानं हे नाव विसरू नये म्हणून इथे घातलं.

रविवार वेगळा असायचा का?

पूर्ण वेगळा. दुपारी १२ ला विथ अ साँग इन माय हार्टची धून आणि टू-वे फॅमिली फेवरिट्स. जर्मनीत ब्रिटिश सैन्य होतं, त्या पोरांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या फर्माइशी, एक निवेदक लंडनला आणि एक हॅम्बुर्गला. लंडनला जीन मेटकाफ, हॅम्बुर्गला क्लिफ मिशेलमोर, आवाजानं आधी ओळख झाली आणि १९५० मध्ये दोघांनी लग्न केलं. आपल्या विविध भारतीवरचं फौजी भावांचं जयमाला आठवतं की नाही? त्या पिढीतल्या इंग्रजाला ही धून ऐकवली की तो ओव्हनमधल्या भाजलेल्या मटणाचा आणि उकडलेल्या कोबीचा वास येतो म्हणून सांगतो. मग दीड वाजता बिली कॉटन बँड शो, सुरुवातीलाच 'उठा उठा' अशी आरोळी, जेवण होऊन डोळे मिटणाऱ्यांसाठी.

एवढे बँड कशाला ठेवले, सरळ रेकॉर्ड का नाही लावल्या?

लावता येत नव्हत्या. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची युनियन यांच्याशी करार होता, आठवड्याला ठरावीक तासच रेकॉर्ड वाजवायच्या, त्याला नीडल टाइम म्हणायचे. त्यामुळे बाकीचा वेळ जिवंत वाद्यवृंदांनी भरायचा. शेकडो वादकांची चूल त्यावर पेटायची.

पैसे लागायचे का ऐकायला?

लायसन्स लागायचं. जून १९४६ पासून वर्षाला एक पौंड, त्याआधी दहा शिलिंग. आपल्याकडेही पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायला लागायचं, घरी जुनं पुस्तक असेल तर बघा.

मग बंद का झालं?

टीव्ही आला हे एक. १९५३ मध्ये सुरू झालेली जर्नी इंटू स्पेस ही मालिका, संध्याकाळच्या वेळी टीव्हीपेक्षा जास्त लोकांनी ऐकलेला रेडिओचा शेवटचा कार्यक्रम मानतात. दुसरं म्हणजे तरुण पोरांना दिवसभर पॉप पाहिजे होतं, ते रात्री रेडिओ लक्झेंबर्गवर मिळायचं आणि १९६४ पासून समुद्रात जहाजं उभी करून रेडिओ कॅरोलाइनसारखी स्टेशनं ते दिवसभर वाजवायला लागली. आपल्याकडे रेडिओ सिलोननं हिंदी गाणी पळवली आणि मग १९५७ ला विविध भारती आली, तसाच प्रकार. ३० सप्टेंबर १९६७ ला लाइटची जागा रेडिओ १ आणि रेडिओ २ नं घेतली.

जुने भाग कुठून ऐकायला सुरू करू?

बरंचसं उरलेलंच नाही. थेट प्रसारण, टेप महाग, आणि हे जपून ठेवायचं कुणाच्या मनात नव्हतं, हाउसवाइव्ह्ज चॉइसची एखादी साधी मंगळवार सकाळ तुम्हाला आज सहज मिळणार नाही. गून शो बराच वाचला कारण परदेशी स्टेशनांना विकायला त्याच्या डिस्क काढल्या होत्या. टोनी हॅनकॉकच्या हॅनकॉक्स हाफ अवर या विनोदी मालिकेचेही काही भाग गेलेत, पण बरेच आहेत.

त्यातला २२ एप्रिल १९५८ चा, संडे आफ्टरनून अॅट होम, आधी तोच लावा. गाल्टन आणि सिम्प्सन या लेखकजोडीनं लिहिलेला. चार माणसं घरात, बाहेर पाऊस, दुकानं बंद, करायला काही नाही, अर्ध्या तासात काही घडत नाही. हॅनकॉक उसासा टाकतो, मग शांतता, मग परत उसासा. रेडिओवर एवढा वेळ गप्प राहायची हिंमत कुणी केली असेल असं वाटत नाही, पण प्रेक्षक त्या शांततेतच हसायला लागतात. इंग्रजी भरभर कळत नसलं तरी चालेल, कपडे घड्या घालायला घ्या आणि लावून ठेवा.